जनाबाईच्या बापाचं पत्र आणि माझी टोपी

आंबागडच्या किल्ल्याखाली आशिया खंडातला पहिला गुप्तहेर राहतो. तो मीच, टेकचंद. माझी कीर्ती इतकी गुप्त आहे की गावालाही अजून कळलेली नाही. नाकाडोंगरीच्या जंगलात नुसता पंजा हुंगून मी सांगितलं होतं, वाघिणीला दोन बछडे आहेत. वाघीण तीन म्हणाली. शेवटी मोजले, माझंच खरं निघालं.

तर एका दुपारी शेजारची प्रतिक्षा धावत आली. "बाबा, आजीचं पत्र गेलं!"

पत्र साधं नव्हतं. प्रतिक्षाची आजी जनाबाई पोटात असताना तिचा बाप बर्माच्या लढाईत गेला, तो गेलाच. त्याच्या साहेबानं जनाबाईच्या आईला लिहिलेलं दुखवट्याचं पत्र गावात कधी पोचलंच नाही. यंदा परदेशातल्या एका संग्रहालयानं ते आठवण म्हणून जाड कागदावर, सोनेरी किनार लावून छापलं आणि पाठवलं. सारं इंग्रजीत. कॉलेजात शिकणारी प्रतिक्षा संध्याकाळी ते मराठीतून वाचणार होती. ऐंशी उलटलेली जनाबाई नवं लुगडं नेसून सकाळपासून खाटेवर बसली होती.

त्यांच्या अंगणात जाऊन मी टोपी काढली आणि गुरांच्या कोठ्याच्या वाशात खोचली. बोडक्या डोक्यात विचार लवकर शिरतात.

"हे लंडनच्या टोळीचं काम!"

"त्यायनंच तर पाठवलं बाबा," प्रतिक्षा म्हणाली. "मंग चोरतीन कायले?"

मग माझा संशय वाळवीवर गेला. वाळवीनं फ्रेमची काचही खाल्ली, असं मानलं की सगळं जुळत होतं. फक्त फ्रेम अजून विकत आणायची होती. मग मी बकरीची जबानी घेतली. ती उत्तर टाळून नुसती चावत राहिली.

"पाहा! पुरावा खाऊन राहिली!"

"तुमचा रुमाल खाऊन राहिली जी," जनाबाईची सून विमलाबाई म्हणाली.

मी तिच्याकडे वळलो. "पत्र तू चोरलंस?"

"नाही जी."

"मग घरात कुठं लपवलंस?"

"घरात? नाही बापा!" ती इतकी दचकली की मी तिला ताबडतोब निर्दोष ठरवलं.

दिवस कलला. जनाबाई म्हणाली, "टेकचंद, माहा बाप भेटन का नाही रे?"

मी टोपी सारखी करायला डोक्याकडे हात नेला; टोपी कोठ्यातच होती.

तेवढ्यात माझी बायको रुखमिणी मला जेवायला बोलवायला आली. "चिठ्ठी कायची होती?"

"दुखवट्याची."

"मंग घरात कायले शोधता? मरणाची चिठ्ठी कोणी घरात ठेवते का?"

ती सरळ कोठ्यात गेली आणि माझी टोपी उचलली. खाली सोनेरी किनार चमकली.

विमलाबाई रडवेली झाली. "आमच्या माहेरी असं पत्र उंबऱ्याच्या आत घेत नाही. म्हणून वाशात खोचलं. आत्याबाई रागावतीन म्हणून बोलली नाही."

प्रतिक्षानं अंगणातच वाचलं. तुमचे पती शूर होते, त्यांना नदीकाठी मातीआड केलं, सोबत्यांनी वर फुलं वाहिली.

"फुलं वाह्यली?" जनाबाईनं विचारलं. प्रतिक्षानं ती ओळ पुन्हा वाचली.

विमलाबाई पत्र घेऊन सवयीनं कोठ्याकडे निघाली.

"तिकडं नोको, पोरी. आत ने. अस्सी वर्सं बाहीरच राह्यला तो."

विमलाबाईनं दोन्ही हातांनी पत्र उंबऱ्याच्या आत नेलं. मी बोडक्यानं उभा होतो. लोक म्हणतात, आदरानं. मी म्हणतो, टोपी बकरीनं खाल्ली.