खिडक्यांचा पेपर

आमच्या घरचा पेपर मला नेहमी खिडक्या पाडलेला मिळतो. पेपरवाला धडधाकट टाकतो. पण मी दात घासून येईपर्यंत समोरच्या मालतीकाकू कात्री घेऊन हजर! किराण्याचं कूपन दिसलं की कचकन कापलं. मागच्या पानावर काय छापलंय, याची पर्वा नाही. एकदा क्रिकेटचा निकाल गेला, एकदा एका पुढाऱ्याचं मुंडकं.

"मुंडकं काय करायचंय तुला? साबणावर साबण मफत आहे!"

वाडीतले गुजराती दुकानदार त्यांना वचकून असतात. बिस्किटांची मुदत उद्या संपत असेल, तर काकू आज निम्म्या किमतीत मागणार. दुकानदार कां कूं करू लागला की, "भाई, काले आ कोण खाशे? तमे?" उद्या हे कोण खाणार, तुम्ही?

एकदा सेलच्या साबणासाठी बसनं पार पादरा गावी गेल्या. साबणापेक्षा तिकीट महाग पडलं, हे मी दाखवून दिलं.

"अरे, मी फिरायला गेले होते. साबण वाटेत मिळाला."

कापाकापी झाली की चहा, आणि माझ्या बायकोशी, सुनंदाशी, तासभर सल्लामसलत. तेल कुठे उतरलं, तूरडाळ कोण स्वस्तात काढून टाकतोय.

माझा जीव शब्दकोड्यात. मागच्या महिन्यात पेन्सिल घेऊन बसलो, तर कोड्याच्या जागी भोक. डोकं फिरलं. पण वडीलधाऱ्या बाईला बोलायचं कसं? मी गुपचूप पेपरवाल्याला सांगितलं, काकूंच्या दारात रोज एक पेपर टाक, बिल मी देतो. साप मरावा, काठी तुटू नये.

पहिल्या दिवशी कोडं अख्खं सुटलं. दुसऱ्या दिवशी सुनंदा तूरडाळीचे भाव मलाच सांगू लागली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काकू येत नाहीत. काय बोललात तुम्ही त्यांना?"

चौथ्या दिवशी काकू आल्या. हातात चार पेपर, घडीसुद्धा न मोडलेले.

"सुधीर, हे तुझंच काम ना? बंद कर, भाई."

"का? त्यात कूपनं नाहीत?"

"आहेत की." त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या. "तुझे काका गेल्यापासून मला एकटीला साबण तो किती लागतो रे? पेपरच्या निमित्तानं इथे येते, दोन शब्द बोलते. पेपर घरातच आला, तर इथे काय सांगून येऊ?"

मला फार लाज वाटली. इतकी वर्षं मी त्यांना नुसत्या चिकट समजत होतो. सुनंदानं चहाचं आधण ठेवलं.

मी आमचा पेपर त्यांच्यापुढे धरला. कोड्याच्या नेमकं मागे खोबरेल तेलाचं कूपन होतं.

"कापा, काकू."

"आणि तुझं कोडं?"

"तुमचा पेपर चालू राहू दे. कूपनं कापायला तुम्ही सकाळी इथे या. दुपारी कोडं सोडवायला मी तुमच्याकडे येतो."

त्यांनी कात्री उघडली, थांबल्या, पदरानं डोळे पुसले.

"ये. पण चहा घ्यावा लागेल. साखर सेलमधली आहे, चालशे?"