दोन बाहुल्यांमधलं अंतर

माझे डोळे उत्तम आहेत, असं मी सगळ्यांना सांगत असे. चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं नोकरी, वय सत्तेचाळीस आणि नाकावर चष्मा नाही! गिऱ्हाईकं कौतुकाने विचारायची, "तुम्ही स्वतः वापरत नाही?" मी नुसता हसायचो. त्या हसण्याची मी आरशासमोर थोडी तयारीही केली होती.

चाळिशी या विषयावर माझं एक छोटं भाषण होतं आणि ते मी दिवसातून चार वेळा तरी करायचो. बाहुलीच्या मागे एक मऊ भिंग असतं. जवळचं बघताना डोळ्यातले बारीक स्नायू आवळतात आणि ते भिंग फुगतं. लांबचं बघताना पुन्हा चपटं होतं. चाळिशीनंतर ते कडक व्हायला लागतं आणि फुगायचं नाव घेत नाही. मग माणूस वर्तमानपत्र लांब धरतो, आणि हात पुरेनासा झाला की आमच्याकडे येतो. "यातून कोणीही सुटत नाही," असं मी शेवटी म्हणायचो. कोणीही म्हणजे समोर बसलेलं कोणीही, हे मी गृहीतच धरलं होतं.

माझा आत्मविश्वास पोकळ नव्हता. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी मी स्वतःला तपासायचो. भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचो, मग जवळच्या वाचनाचं कार्ड हातात घ्यायचो. कार्डावर 'नदीच्या काठी एक जुने झाड होते' असा उतारा होता. ओळीगणिक अक्षर बारीक होत जायचं आणि शेवटची ओळ तर मुंग्या चालल्यासारखी दिसायची. मी तीही घडाघडा म्हणून दाखवायचो. काउंटरवरच्या बाई माझ्यानंतर बारा वर्षांनी नोकरीला लागल्या. त्यांनी एकदा विचारलं, "तुम्ही कार्डाकडे बघता तरी का?"

"बघतो की," मी म्हणालो. आणि बघत होतोच, खोटं कशाला सांगू.

त्या वर्षी मालक दुसरं दुकान काढत होते. तिथे व्यवस्थापक लागणार होता. मी की बाई, एवढाच प्रश्न होता. मला ती जागा हवी होती, अगदी मनापासून हवी होती. बावीस वर्षं एका गोल स्टुलावर बसून काढली होती मी. व्यवस्थापकाला पाठ टेकायची खुर्ची मिळते. मालक म्हणाले होते, "दोन-तीन महिने बघू आणि ठरवू."

आणि नेमक्या त्याच तीन महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या.

आधी एक शिक्षिका आल्या. नवा चष्मा लावला की फळ्यावर लिहिताना डोकं दुखतं म्हणाल्या. मी म्हटलं, पंधरा दिवस सवय होऊ द्या. मग एक शिंपी आला. त्याला एका सुईच्या दोन सुया दिसत होत्या आणि तो नेमका दुसऱ्या सुईत दोरा घालायला जात होता. त्यालाही मी सवय करायला सांगितलं. त्यानंतर आलेल्या एका बसचालकाला मात्र तसं सांगवेना. त्याला मी हात जोडले आणि जुना चष्मा लावायला लावला.

आता चष्म्यात नुसता नंबर बरोबर असून भागत नाही. दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर मोजावं लागतं आणि प्रत्येक भिंगाचा मध्य बरोबर बाहुलीसमोर आणावा लागतो. तो इकडेतिकडे सरकला की डोळे दिवसभर ओढाताण करत बसतात. हे अंतर मी मोजायचो. गिऱ्हाइकाच्या नाकावर मिलिमीटरची पट्टी टेकवायची, एक डोळा मिटायचा, आकडा चिठ्ठीवर लिहायचा. कारागीर ती चिठ्ठी बघून मागच्या गल्लीतल्या कारखान्यात भिंगं घासायचा आणि बसवायचा. बावीस वर्षांत माझा आकडा चुकला नव्हता.

हल्ली पट्ट्यांची छपाई तेवढी फिकी यायला लागली होती. मी तीन पट्ट्या बदलून पाहिल्या, पण तिन्हींवरच्या रेघा एकमेकींना चिकटलेल्याच. मी जरा मागे झुकून मोजायला लागलो.

"एवढं मागे का झुकता?" बाईंनी विचारलं.

"गिऱ्हाइकाला मोकळं वाटावं म्हणून."

मागे झुकूनही रेघा सुट्या झाल्या नाहीत, तर अनुभव होताच. अंदाजाने अडुसष्ट लिहून टाकायचो.

घरी बायकोही डोकं धरून बसली होती. तिचा नंबर मोठा, उणे सहा. नवा चष्मा मी स्वतः मोजून करून दिला होता. तिला मी वेळेवर झोप, पाणी जास्त पी, उजेडात वाच, असं सगळं सांगून झालं. ती सगळं करत होती. तरी कपाळाला रोज बाम, आणि भाजी चिरताना एक डोळा बंद.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नंबर बरोबर, अंतर बरोबर, तर चूक कारागिराची! बिचाऱ्याचे हात थरथरत असणार. मी बायकोचा चष्मा काढून घेतला, तिला कपाटातला जुना दिला आणि नवा चष्मा एका चिठ्ठीसह कारागिराकडे पाठवला. 'आपल्या हाताला काय झाले आहे? आता माझ्या घरच्या माणसांनाही आपण सोडले नाही.' एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी मालकांनाही सांगितलं, की नव्या दुकानासाठी नवा कारागीर शोधलेला बरा.

मालकांनी शनिवारी सकाळी सगळ्यांना बोलावलं. कारागीर माझ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आला. बायकोही चष्मा परत न्यायला आली होती, ती एका खुर्चीवर बसून राहिली. कारागिराचा चेहरा उतरला होता. त्याने बायकोचा चष्मा आणि माझी चिठ्ठी मालकांच्या पुढे ठेवली.

"भाऊंनी लिहिलं अडुसष्ट. मी बसवलं अडुसष्ट. मोजून बघा."

मालकांनी यंत्रावर मोजलं. अडुसष्ट. शिक्षिकेचा आणि शिंप्याचा चष्माही त्यांनी मागवून घेतला होता. तेही चिठ्ठीबरहुकूम निघाले.

"मग चुकलं कुठे?" मालक म्हणाले. "बाई, वहिनींचं अंतर मोजा जरा."

बाईंनी माझीच पट्टी उचलली, बायकोच्या नाकावर टेकवली आणि सरळ बसून, अजिबात मागे न झुकता म्हणाल्या, "एकसष्ट."

"ती पट्टी खराब आहे," मी म्हणालो. "छपाई बघा, किती फिकी आहे."

मालकांनी पट्टी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मग नव्या दुकानासाठी आदल्या दिवशीच छापून आणलेल्या कार्डांतलं एक काढून माझ्या हातात दिलं.

"तुम्हाला जवळचं नीट दिसतं ना?"

"म्हणजे काय," मी म्हणालो.

"वाचा."

कार्ड हातात आलं की माझं तोंड आपोआप सुरू व्हायचं. मी खणखणीत आवाजात वाचलं, "नदीच्या काठी एक जुने झाड होते. त्या झाडावर अनेक पक्षी राहत..." कुठेही न अडखळता, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. वाचून झाल्यावर मी बायकोकडे बघितलं. तिला तरी अभिमान वाटायला हवा होता. ती छताकडे बघत होती.

"परत एकदा वाचा," मालक म्हणाले.

त्यांना आवडलं असावं असं समजून मी या वेळी जरा भावपूर्ण वाचलं. पक्ष्यांच्या ठिकाणी आवाज हलका केला, वादळाच्या ठिकाणी चढवला.

मालकांनी कार्ड माझ्या हातातून हळूच काढून घेतलं. "यात झाड नाहीये," ते म्हणाले. "यात बोट आहे. बोटीवर एक कोळी आहे. पक्षी एकही नाही."

बाईंनी स्टूल पुढे ओढलं आणि मला गिऱ्हाइकाच्या जागी बसवलं. तपासायचा चष्मा चढवला, एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं. अधिक दोन. कार्डावर खरोखरच बोट होती. पट्टीवरच्या रेघाही सगळ्या जागच्या जागी होत्या, काळ्याकुळकुळीत.

मग मी तो चष्मा तसाच ठेवून बायकोजवळ गेलो. डोकं धरून धरून तिच्या भुवयांमध्ये एक आठी रुतून बसली होती. जवळून ती मला इतके दिवस दिसलीच नव्हती.

"अगं, तीन महिने दुखत होतं, तर दुसरीकडे का नाही दाखवलंस?"

"तुम्ही मोजलंय म्हटल्यावर चष्मा बरोबरच असणार," ती म्हणाली. "म्हटलं, माझंच डोकं चुकीच्या मापाचं असेल."

मला फार लाज वाटली. इतकी, की तो तपासायचा चष्मा काढून खिशात घातला आणि बाईंनी तो परत मागून घेतला. कारागिराची माफी मी तिथेच, सगळ्यांसमोर मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, पण चिठ्ठीत हाताबद्दल लिहायला नको होतं." त्याचं खरं होतं. मी ती चिठ्ठी मागून घेऊन फाडली.

नंतरच्या पंधरा दिवसांत मी गेल्या तीन महिन्यांतल्या एकूण एक गिऱ्हाइकाला फोन केला. पहिल्या फोनवर मी "पट्टीत दोष निघाला" असं म्हणालो, तेव्हा बाई शेजारून फक्त खाकरल्या. दुसऱ्यापासून खरं सांगायला लागलो, की मला चाळिशी लागली होती आणि कार्ड पाठ असल्यामुळे मला ती कळली नाही. लोक आधी पुन्हा सांगायला लावायचे, मग हसायचे, मग नवं माप द्यायला यायचे. शिंपी तर दोन मित्रांना घेऊन आला. म्हणाला, "यांनाही ते पाठ केलेलं ऐकायचंय."

गिऱ्हाइकांपैकी एकानेही दुकान सोडलं नाही. महिनाअखेरीला मालकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "स्वतःची चूक फोन करकरून सांगणारा व्यवस्थापक मला चालेल." अटी दोनच होत्या. चष्मा नाकावर राहील, आणि बाहुल्यांमधलं अंतर माझ्याकडे नाही, बाईंकडे. त्याही नव्या दुकानात येणार होत्या.

म्हणजे व्यवस्थापक मीच झालो आणि खुर्चीला पाठ आहे. टेबलावर माझ्या नावाची पाटीसुद्धा आहे. अशा पाटीवर एरवी बोटभर अक्षरं असतात. माझ्या पाटीवर वीतभर आहेत, आणि त्यामुळे टेबलावर दुसरं काही मावत नाही. पाटी मालकांनी खास सांगून करून घेतली. माप बाईंनी दिलं.