सुदामअण्णांचे पांढरे रुमाल

सुदामअण्णा गाडी बघायला आले की गाडीच्या तोंडाकडे बघतच नाहीत. थेट मागे जातात, उकिडवे बसतात आणि घरून आणलेल्या चिमट्यात पांढरा शुभ्र रुमाल धरून तो सायलेन्सरच्या नळीपुढे नेतात. "करा चालू," म्हणतात. पाच मिनिटांनी रुमाल उजेडात धरून, लग्नाच्या मुलीचा फोटो बघावा तसा न्याहाळतात. मग घडी घालून, गाडीचं नाव लिहिलेली चिठ्ठी टाचून पिशवीत. असे रुमाल त्यांच्या टेबलाच्या खणात रचून ठेवलेले आहेत. त्यांत माझ्या दुकानातल्या गाड्यांचे तीन आहेत. तिन्ही काळे.

अण्णा नारायणगावात टोमॅटो आणि द्राक्षं बाहेरदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत खरेदीचे साहेब आहेत. माल निवडायला आसपासच्या गावांतून बायका येतात. त्यांना आणायला-सोडायला कंपनीने सहा गाड्या घ्यायच्या ठरवल्या. पुण्याच्या हेड ऑफिसने त्यासाठी चार पानांचं धोरण धाडलं: गाडी कमी धुराची हवी, बसणाऱ्याला सुरक्षित हवी. असे कागद बहुतेक ठिकाणी फायलीत झोपतात. हा नेमका अण्णांच्या हाती लागला. त्यांनी तो पाठ केला.

आता माझं सांगतो. मी बेल्ह्याच्या बाजारात बैलांच्या सौद्यांत वाढलो. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा, खाली एकमेकांची बोटं धरायची. बोट दाबलं की आकडा कळला. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. त्या एका रुमालावर मी हायवेला गाड्यांचं दुकान उभं केलं. सहा गाड्यांचा सौदा म्हणजे माझं अख्खं वर्ष निघालं असतं.

"या अण्णा, पुढं बसा. एसी बघा, ही स्क्रीन बघा," मी म्हणालो.

"पुढं डायवर बसंल. मागं कोण बसणार?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुकानातल्या पोरांनी त्यांचं नावच 'मागं कोण' ठेवलं होतं.

"बायका बसतील की."

"मंग मी तितंच बसतो."

आणि हा मोठा साहेब वाकून सगळ्यात मागच्या आडव्या बाकावर, दाराला खेटून बसला. "चालवा. खड्ड्याखड्ड्यानं." मी चालवली. अण्णा दोन्ही हातांनी दांडा धरून डोळे मिटून बसले होते. उतरले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"शेठ, हितं पट्टा न्हाई."

"अण्णा, मागं कोण पट्टा लावतंय? आपल्याकडं डायवर लावत न्हाई!"

"म्हनून तर न्हाई घेत."

माझा पारा चढला. तरी धंदा म्हणून मी खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला, हात पुढे केला. "धरा बोट. यापेक्षा खाली बाप आला तरी देणार न्हाई."

अण्णांनी बोट धरलं नाही. रुमालाचं टोक चिमटीत उचललं, उजेडाकडे धरलं. "लई काळा हाय, राव. ह्यो कुटल्या गाडीचा?"

पोरं हसली. त्या दिवशी मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. अण्णांनी सगळं ऐकत चहा संपवला आणि कप विसळून ठेवला.

मग त्यांनी मंचरच्या दुकानातून सहा गाड्या घेतल्या. विजेवरच्या, माझ्यापेक्षा महाग. कंपनीचा ड्रायव्हर सलीम सांगत होता, अण्णा चिमटा घेऊन गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आले. "नळी कुटाय?" "अण्णा, हिला नळीच नाय." त्यांनी खाली वाकून खात्री केली आणि त्या कोऱ्या रुमालाने स्वतःचा घाम पुसला.

आमच्या धंद्यात महाग घेणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर त्याने कमिशन खाल्लेलं असतं. अण्णा वेडे नव्हते. रविवारी सकाळी मी त्यांच्या वस्तीवर गेलो. किती खाल्लं ते चार लोकांत विचारायचं, असं ठरवूनच.

अंगणात नवी गाडी उभी होती. मागचं दार उघडं. ओट्यावर काठी धरून अण्णांची बायको, सुमनवहिनी. सलीमने मला फाटकातच थांबवलं.

"शेठ, आता नगा बोलू. वहिनी पयले माल निवडायलाच यायच्या. तवा कंपनीची गाडी नव्हती, वडापच्या, शिटा कोंबून भरलेल्या जीपनं यायचे दोघं. त्या मागच्या बाकाव, दारापाशी. दार उघडलं न् पडल्या. तवापास्नं कुटल्याच गाडीत बसल्या न्हाईत. डाक्टर घरी आणावा लागतो."

"आणि अण्णा?"

"अण्णा त्याच जीपमधी व्हते. पुढं."

वहिनी काठी टेकत गाडीपाशी आल्या. धुराचा वास येतो का ते हुंगून बघितलं. मग एक पाय आत, मग दुसरा. अण्णांनी पट्टा ओढून लावला, सोडला, पुन्हा लावला, दोनदा हिसडून बघितला.

"करा की चालू," वहिनी म्हणाल्या.

"चालूच हाय, वहिनी," सलीम स्टेअरिंगवरून म्हणाला.

वहिनींनी खाली बघितलं, सीटवर हात ठेवून बघितला. "तुमी बसा जा पुढं. साहेब हाये तुमी."

अण्णांनी पुढचं उघडं दार लावून टाकलं, वळसा घालून आले आणि त्यांच्या शेजारी बसले. फाटकात मी दिसलो.

"शेठ? काय काम काढलं?"

"काय न्हाई. चाललो होतो इकडून."

भाव त्यांना जास्तच पडला, हे मी आजही कुणालाही पटवून देईन. गाडी माझ्या अगदी जवळून वस्तीच्या रस्त्याला लागली. सवयीने मी खांद्यावरचा रुमाल नाकाला लावला. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, धूर आलाच नव्हता.