दोन्हीकडचे दोर

रविवारी सकाळी नऊ वाजता जीवशास्त्राच्या मॅडमनी आपल्या सासू-सासऱ्यांना पाठीला पाठ लावून उभं केलं आणि कमरेशी मफलरने घट्ट बांधलं.

हेतू शुद्ध होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा तास बघायला निरीक्षकबाई येणार होत्या, आणि पाच वर्षांची हंगामी नोकरी कायम होणं न होणं त्या एका तासावर होतं. धडा पेशीविभाजनाचा. फळ्यावरच्या आकृतीला मुलं जांभया देतात, म्हणून मॅडमनी ठरवलं की मुलांनाच गुणसूत्रं करायचं आणि हातात दोर द्यायचे. पण आधी घरी तालीम हवी.

सोफा भिंतीला गेला. कपडे वाळत घालायच्या दोरीचे चार तुकडे झाले. दोन खिडकीच्या गजांना, दोन स्वयंपाकघराच्या दाराला. नवरा आणि नणंद ही तशीच बांधलेली दुसरी जोडी.

"विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब नक्कल तयार होते," मॅडमनी सुरुवात केली. "आई-बाबा म्हणजे तशी एक जोडी."

"मी ह्यांची नक्कल?" सासूबाई भडकल्या.

"आणि हुबेहूब म्हणे," सासरे म्हणाले. "सूनबाई, डोळे तपासून घे एकदा."

"हे दोर म्हणजे पेशीतल्या सूक्ष्मनलिका. जोडीतल्या एकाने खिडकीकडचा धरायचा, दुसऱ्याने स्वयंपाकघराकडचा. मग गाठ सुटली की दोघं दोन दिशांना जातील. एका पेशीच्या दोन होतात, तर दोघींना पूर्ण संच मिळायला हवा ना!"

सासूबाईंनी खिडकीकडचा दोर धरला. सासऱ्यांनीही हात लांबवून खिडकीकडचाच धरला.

"बाबा, तो नाही!"

"अगं, इकडे वारा येतो."

"पण दोघं तिकडेच गेलात तर खिडकीकडे दोन आणि स्वयंपाकघराकडे भोपळा! बघा, दोर कसा ढिला पडलाय. दोन्हीकडून ओढ असली तरच तो ताठ राहतो. ढिला दोर पेशी सोडवते आणि पुन्हा धरायला लावते. सोडा तो."

"नाही सोडत. पेशीला म्हणावं, ये आणि सोडव."

पेशीच्या वतीने मॅडमनी दोराला हिसका दिला. सासरे पुढे झुकले, सासूबाई त्यांच्या पाठीवर उताण्या झाल्या आणि दोघं मिळून खुर्चीवर कोसळले. नणंद सावरायला धावली, तिच्याबरोबर नवराही फरपटत आला, त्याचा पाय दोरात अडकला आणि क्षणात चौघांचा एक ढीग झाला. मफलरची गाठ दगडासारखी आवळली.

"धावा हो, मेले!" सासूबाई ओरडल्या.

खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका हातातली कात्री न ठेवताच धावत आले. दार उघडंच होतं. त्यांना दिसले बांधलेले म्हातारा-म्हातारी, आणि त्यांच्या डोक्याशी दोर घेऊन उभी असलेली सून.

"बांधून घातलंय हो म्हाताऱ्यांना!" काकांनी जिन्यात आवाज टाकला. बघता बघता जिना भरला. काका कात्री घेऊन गाठीशी बसले.

"कापू नका!" तालमीच्या भरात मॅडम किंचाळल्या. "एकाचाही दोर लागायचा राहिला असला तर कुणालाच सोडायचं नसतं!"

"अजून बांधायचेत हिला?" जिन्यातली एक शेजारीण म्हणाली आणि तिने स्वतःच्या नवऱ्याला मागे ओढलं.

"अहो, धडा आहे हा, धडा!" नणंद ढिगाखालून म्हणाली.

"दिसतंय ना. चांगलाच धडा शिकवतेय."

काकांनी गाठ कापली. मॅडमनी जिन्यातल्या मंडळींना कागदावर आकृती काढून सगळं समजावलं. मंडळींनी माना डोलावल्या, पण जाताना प्रत्येकाने सासऱ्यांना हळूच सांगितलं, "काही लागलं तर हाक मारा हं."

सोमवारी मुलांनी सात मिनिटांत सगळं बिनचूक केलं. निरीक्षकबाईंनी चष्मा काढला. "छान. पण एकही चूक झाली नाही. जोडणी चुकली तर पेशी काय करते, ते कुठे दिसलं?"

"त्यासाठी मला घरची माणसं आणावी लागतील," मॅडमच्या तोंडून निघून गेलं.

"आणा की. शुक्रवारी येते मी."

घरी मॅडमनी बजावलं, "या वेळी मुद्दाम चुकायचंय. दोघांनी एकाच बाजूचा दोर धरा, मी सोडवीन."

"चुकायला तालीम कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "ते येतं आम्हाला."

शुक्रवारी सभागृहात सत्तर मुलं बसली होती. सासरे कडक इस्त्रीचा शर्ट घालून उभे. मॅडमनी खूण केली. सासऱ्यांनी गंभीर चेहऱ्याने उजवीकडचा दोर धरला. सासूबाईंनी डावीकडचा. दोर ताठ! नवरा-नणंदही बिनचूक. मॅडम सासऱ्यांजवळ सरकल्या.

"बाबा, चुकायचं होतं!" त्या पुटपुटल्या.

"एवढ्या मुलांसमोर?" सासरे मोठ्याने म्हणाले. "मी चुकीचा दोर धरू?"

"रविवारी धरला होता की!" सासूबाई पाठीमागून कडाडल्या. "हिने तो सोडवला तेव्हा आपटलो दोघं. म्हणून आज शहाण्यासारखा धरलात!"

सभागृह हसून लोळलं. निरीक्षकबाई मात्र वहीत लिहीत होत्या. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"चुकीचा दोर सुटला, आणि पुन्हा धरताना बरोबर लागला," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "मला हेच तर बघायचं होतं."

महिन्याभरात नोकरी कायम झाल्याचं पत्र आलं. सासऱ्यांनी ते जिन्यात उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं आणि वर म्हणाले, "माझ्या एका चुकीने वाचली बरं का हिची नोकरी!"