गुडघ्याला पाचवा महिना

कुसुमताई वाघचौरेंच्या उजव्या गुडघ्याला पाचवा महिना लागला, म्हणून त्या तालुक्याला सोनोग्राफीसाठी गेल्या. साठीच्या आसपास गुडघ्यांचं असं होतं. आत एक नवा गुडघा धरतो आणि नऊ महिने भरले की बाहेर येतो. गाजावाजा करण्यासारखं त्यात काही नाही.

आधी फॉर्म भरायचा होता. ‘होणारा गुडघा डावा की उजवा, हे मला जाणून घ्यायचे नाही,’ असं त्यात छापलं होतं. तीस वर्षं शाळेत शिकवताना कुसुमताईंनी खोटी सही कधी केली नव्हती. ती त्या दिवशी केली. बाहेर बाकावर पाय लांब करून बसलेले त्यांचे यजमान भानुदासराव पेशाने शिंपी होते आणि त्यांचा डावा गुडघा पार कामातून गेला होता. शिलाई मशीन आठ महिने चादरीखाली पडून होतं. बसून बसून माणूस इतका आंबला होता, की आमटीच्या मिठातही खोट काढायला लागला होता. डावा झाला तर त्यांना बसवता येणार होता. उजवा झाला तर काही उपयोग नव्हता.

डॉक्टर सलमा बागवान यांनी गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी सरकवली, गार जेली लावली आणि स्क्रीनवर सगळं नीट समजावून दिलं. ही तुमची वाटी, हा मांडीकडून तिच्यापर्यंत येणारा जाड पट्टा, हे त्याच्याखालचं पाणी. पाण्यात छोटा गुडघा जरासा वाकून निजला होता. त्याची वाटी मसुराएवढी होती. कुसुमताईंना भरून आलं. आता नडगीशेजारचं बारीक हाड दिसणार होतं. ते कुठल्या अंगाला आहे, त्यावरून डावा-उजवा ओळखतात. डॉक्टरांनी स्क्रीन भिंतीकडे वळवला.

“नुसती मान हलवा,” कुसुमताई म्हणाल्या. “आम्हाला डावा हवाय.”

“काकू, मागे लोकांनी असंच विचारून विचारून तालुक्यात डावे गुडघे उरू दिले नव्हते. डावा मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

“मग सांगायला काय हरकत आहे?”

“कायदा दोन्हींना सारखाच आहे,” डॉक्टर म्हणाल्या आणि जेली पुसायला कापूस दिला.

डॉक्टर सांगत नाहीत, एवढंच कुसुमताईंनी बाहेर येऊन भानुदासरावांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आमटीला नावं ठेवणं बंद झालं आणि ते कॅलेंडरवर रोज एक फुली मारू लागले. कुसुमताई त्या फुल्यांकडे पाहायचं टाळायच्या.

पाच महिन्यांनी उजवा झाला. सिस्टरने तो पुसून फडक्यात गुंडाळला आणि दबकतच सांगितलं. कुसुमताईंनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली.

भानुदासरावांना वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तो वर हातात द्यायला सांगितलं. मग आपला दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी बाजूला ठेवला, मांडीवर जागा केली आणि त्याला निजवलं.

“कुसुम, इकडं बघ,” ते म्हणाले. “त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, आपण दुसऱ्याच कुणाची वाट बघत होतो.”

आणि त्यांनी सिस्टरला थोडं तेल कोमट करून आणायला सांगितलं.