मापसाहेबांची केबल

भट्टी बंद पडली तेव्हा मापसाहेब इस्त्री करत होते आणि त्यांच्या पत्नी, शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाई, भट्टीसमोर स्टूल टाकून बसल्या होत्या. आधी भट्टीचा लाल दिवा गेला, मग पंखा थांबला, मग बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, गीझर चालू आहे का?"

"आहे. आंघोळीला निघालो होतो."

"आणि इस्त्री?"

"आंघोळीनंतर घालायच्या शर्टाला."

बाईंची ही विजेची भट्टी मातीचे कप आठ तास भाजायची. मध्येच थांबली, की कपांवरच्या झिलईला फोड यायचे. त्या दिवशी नमुन्याचे सहा कप वाया गेले. रविवारी बाईंचं पहिलंवहिलं प्रदर्शन होतं आणि तिथे चाळीस कप मांडायचे होते. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची चित्रं भिंतीवर चिकटवल्यावर आता कुठे स्वतःचं काहीतरी लोकांपुढे ठेवायची वेळ आली होती. कुणाला ते आवडेल की नाही या धास्तीने त्यांना आठवडाभर धड झोप नव्हती, आणि त्यात हे.

मापसाहेब वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. हे नाव इमारतीतल्या लोकांनी चेष्टेने ठेवलं होतं. त्यांना तो किताब वाटायचा. उभी हयात दुकानदारांचे तराजू आणि मीटरपट्ट्या तपासण्यात गेली होती. कमी देणारा चोर आणि जास्त देणारा लबाड, असं त्यांचं सरळ गणित होतं.

दुसऱ्या दिवशी वायरमन ताई आल्या. विजेच्या पेटीतल्या, भार वाढला की आपोआप पडणाऱ्या खटक्याकडे बोट दाखवून मापसाहेबांनी त्यांना उपाय आधीच सांगून टाकला. "हा पंचवीसचा एमसीबी काढा आणि चाळीसचा लावा. म्हणजे पडायचा नाही."

"काका, हा पहारेकरी तुमच्या भट्टीसाठी नाहीच, केबलसाठी आहे," ताई म्हणाल्या. "खालच्या मीटरपासून इथे चौथ्या मजल्यावर येणारी केबल बारीक आहे. तिला पंचवीस अँपिअर झेपतात, म्हणून हा पंचवीसचा. चाळीसचा लावला तर तो निवांत बसेल आणि केबल आतल्या आत वितळेल. आधी केबल जाड, मग एमसीबी मोठा."

"किती मीटर आणू?"

"मोजा, आणि वर दोन हात जास्त घ्या."

"दोन हात म्हणजे किती? तुमचे हात की माझे?"

"कुणाचेही घ्या, काका. पण घ्या."

अशा मोघम भाषेचा मापसाहेबांना मनस्वी तिटकारा होता. मीटरच्या खोलीपासून घरातल्या विजेच्या पेटीपर्यंत पाइपाच्या कडेकडेने त्यांनी स्वतः पोलादी टेप लावली. एकदा वर जाताना, एकदा खाली येताना. दोन्ही वेळा माप आलं एकतीस मीटर चाळीस सेंटीमीटर. ते कागदावर लिहून, खाली सही करून ते दुकानात गेले आणि केबल घेऊन आले.

शुक्रवारी ताईंनी मेन स्विच बंद करून खालून केबल आत सरकवली आणि मापसाहेबांनी वरून ओढली. चौथ्या मजल्यापर्यंत ती गुणी बाळासारखी आली. दाराच्या वरच्या भोकातून घरात डोकावली, जराशी पुढे सरकली आणि पेटीच्या अलीकडे थांबली. मापसाहेबांनी पाय भिंतीला लावून ओढलं. केबल ढिम्म हलली नाही.

ताई धापा टाकत वर आल्या. "दोन हात जास्त घेतले होते ना?"

"माप अचूक आहे."

"माप अचूक आहे हो, पण जाड केबल काटकोनात वळत नाही. प्रत्येक वळणावर ऐसपैस पसरते. चाळीस सेंटीमीटर कमी पडली की!"

"मग एक तुकडा जोडा."

"असा उघडा जोड मी देणार नाही. भट्टी आठ तास वीज ओढणार. सैल जोड तापेल आणि एमसीबीला पत्ताही लागणार नाही."

बाई आत जाऊन न भाजलेल्या कपांवर फडकं टाकून आल्या. आणि अशा वेळी माणूस जे करतो तेच मापसाहेबांनी केलं, दुसऱ्यावर खापर फोडायला ते दुकानात गेले.

"मापात मारलंत! तीस वर्षं ज्याने तुमच्यावर नजर ठेवली, त्यालाच?"

दुकानदाराने शांतपणे गल्ल्याखालून केबलचा एक तुकडा काढून त्यांच्यापुढे ठेवला. "साहेब, तुम्ही मला एकदा दंड केला होतात. तेव्हापासून मी घाबरून प्रत्येकाला अर्धा मीटर जास्तच देतो. तुम्हालाही दिला होता. 'फुकटचं घेणार नाही' म्हणून तुम्हीच कापायला लावलात. माझ्याच कात्रीने, उभं राहून."

मापसाहेबांनी खिशातली टेप काढली आणि तुकडा मोजला. बरोबर पन्नास सेंटीमीटर. तो काखेत मारून ते घरी आले.

तुकडा बघून ताईंचे डोळे चमकले. "आता जमेल. केबल दारापाशी संपते ना, तिथेच चाळीसच्या एमसीबीची नवी पेटी बसवू. पेटीत दोन्ही टोकं घट्ट आवळता येतात. तिथून हा तुकडा जुन्या पेटीत नेऊ. फक्त ती नवी पेटी दाराच्या मागे येईल. दार अर्धंच उघडेल."

"किती अर्धं?"

"असेल दोन वीत."

मापसाहेबांनी लगेच टेप लावली. "पन्नास सेंटीमीटर. माझी रुंदी अठ्ठेचाळीस. बसवा!"

शनिवारी सकाळी भट्टी लागली आणि आठ तास एका दमात चालली. एमसीबीने हूं की चूं केलं नाही. मापसाहेबांनी आंघोळ पुढे ढकलली होती. मग बाईंनीच त्यांना गीझर लावायला पाठवलं. रविवारी सकाळी बाईंनी भट्टी उघडली, तर चाळीसच्या चाळीस कप निळे, हिरवे, झळझळीत. बाईंना रडू आलं आणि मापसाहेबांनाही, पण ते डोळे पुसत पटकन आत गेले आणि खोकं घेऊन आले. कपांसाठी फळ्या ठोकून चौकोनी खोकं त्यांनी आठवडाभर आधीच घरात तयार केलं होतं. साठ सेंटीमीटर लांब, साठ रुंद, साठ उंच.

कप भरून झाले. खाली टेम्पो येऊन उभा राहिला. दोघांनी खोकं उचलून दारापर्यंत आणलं आणि ते दारात अडकलं.

"आडवं करू या," मापसाहेब म्हणाले.

"सगळ्या बाजू साठच्याच आहेत, अहो!"

टेम्पोवाला खालून हॉर्न वाजवायला लागला. "दहा मिनिटांत निघतो हां!"

बाईंनी पदर खोचला, खोकं उघडलं आणि दारातून ओरडल्या, "कोणी आहे का? जरा हात लावा हो!"

समोरच्या काकू आल्या, तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा आले, दुसऱ्या मजल्यावरची नवी जोडी आली. जिन्यावर रांग लागली आणि कप हातोहात खाली निघाले. पण कप हातात आला, की माणूस तो उलटासुलटा करून बघायचा. "अय्या, निळा किती छान आहे! बाई, हा मला हवा." "हा माझ्या हातात बरोबर बसतो, मी सोडणार नाही." "सुनेसाठी ते दोन हिरवे बाजूला ठेवा." बाई चौथ्या मजल्यावरून "अहो, प्रदर्शनाला तरी जाऊ द्या!" असं ओरडत राहिल्या, पण त्या ओरडण्यात हसूच जास्त होतं.

मापसाहेब अंग चोरून दारातून बाहेर पडले आणि धावत खाली गेले. टेम्पो रिकामा होता. शेवटचा कप टेम्पोवाल्याच्या हातात होता आणि तो म्हणत होता, "काका, हा मी ठेवून घेतो. आता काय न्यायचंय?"

बाई एक कोरी वही घेऊन खाली उतरल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. "मला न्या. टेबलावर वही ठेवते आणि मागणी लिहून घेते."

मापसाहेब खिडकीपाशी आले. घसा खाकरून, छाती काढून म्हणाले, "बघितलंस? मी केबल दोन हात जास्त आणली असती, तर हे झालं असतं का?"