चांगुणा अस्वलिणीची साधीच न्याहारी

एका जंगलात, फार लांब नाही, तुमच्या मामाच्या गावावरून उजवीकडे वळलं की लागतं तेच, एक अस्वलीण राहत होती. नाव चांगुणा. हसू नका. तुमची नावं काय फार मोठी लागून गेली आहेत!

लग्न झाल्यापासून चांगुणाने सुट्टी म्हणून पाहिली नव्हती. यंदा मात्र तिने घरच्यांच्या मागे लागून लागून धबधब्याजवळची एक गुहा तीन दिवसांसाठी भाड्याने घेतली. गुहेचा मालक पाणमांजर. त्याने दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'स्वयंपाकघराची सोय आहे.' तिथेच घात झाला.

"वहिनी," पाणमांजर म्हणाला, "सकाळी कड्यावर ऊन आलं की धबधब्यात इंद्रधनुष्य पडतं. पण दूध उतू जायला लागतो तेवढाच वेळ हं. मग दिवसभर नुसतं पाणी."

चांगुणाने ठरवलं, इंद्रधनुष्याखाली उभं राहून अंघोळ करायची. त्याशिवाय घरी परतायचं नाही.

पहिल्या सकाळी ती खांद्यावर पंचा टाकून निघाली. तोच सासरे खाकरले. "सूनबाई, जायचं तर खुशाल जा. फक्त पोहे टाकून जा. साधेच. पाच मिनिटांचं काम."

त्या स्वयंपाकघरात काय होतं, सांगू? चौदा चमचे. उंच पायांचे आठ काचेचे पेले. आणि एक सुरी, इतकी बोथट, की तिने कापायला घेतल्यावर कांदाच हसून हसून रडला. कढई नाही, झारा नाही, होता तो एक तवा. चांगुणाने पेल्यांत पोहे भिजवले आणि तव्यावर पंजाने परतले.

"शेंगदाणे जरा कमी पडले," सासरे म्हणाले.

ती बाहेर धावली. नुसतं पाणी.

दुसऱ्या सकाळी नणंद आधीच उठून बसली होती. "वहिनी, आज काहीएक करू नकोस बाई. सुट्टी आहे तुझी. मला आपला मूठभर उपमा दे. मऊसर."

"उपम्याने मला पित्त होतं," सासरे म्हणाले. "एक धिरडं चालेल. साधंच."

तेव्हा तिचा नवरा भिकोबा चवताळून उठला. "किती छळता रे तिला! धिरडं मी करतो. चांगुणा, तू जा. जाता जाता सांग, बेसन कुठाय? मीठ कुठाय? आणि मी उभा कुठे राहू?"

भिकोबाने धिरडं असं काही उलटवलं, की ते गुहेच्या छताला जाऊन चिकटलं. बघायला सगळे जमले. काढायला चांगुणा.

बाहेर? नुसतं पाणी. तुम्हीही शिकलात की आता.

तिसरी सकाळ शेवटची. दुपारी निघायचं होतं. चांगुणा उठली. तिने घरून आणलेला मिसळणाचा डबा उचलला. मोहरी, जिरं, हळद, हिंग, तिखट, सगळं त्यातच. डबा काखेत मारला आणि ती सुसाट सुटली.

"अहो वन्सं, आज न्याहारी तुम्हीच करा! सोपीच आहे!"

"अगं, डबा!" सासरे किंचाळले.

"डबा गेला!" नणंद किंचाळली.

'चांगुणा गेली' असं कोणीही किंचाळलं नाही. नीट ऐका.

तिघंही मागे धावली. वाटेत सासरे अडखळले ते थेट वारुळावर. तोंडात वाळवी गेली. त्यांनी चघळून पाहिली. मग आणखी घेतली. नणंद करवंदीच्या जाळीत घुसली ती बाहेरच येईना. भिकोबाचं डोकं आपटलं मधाच्या पोळ्यावर. उपम्यावाचून तळमळणाऱ्या त्या तिघांना तेव्हा कुठे आठवलं, की आपण अस्वलं आहोत!

इकडे चांगुणा धबधब्याखाली उभी. एका कानावर तांबडा, एका कानावर जांभळा, नाकावर पिवळा. ती खिदळत होती. लहानपणी खिदळायची तशी.

तेवढ्यात मिशा चाटत तिघं पोचली.

"सूनबाई, पोट कसं तुडुंब भरलं," सासरे म्हणाले. मग त्यांची नजर डब्यावर गेली. "पण डबा आहेच हाताशी, तर थोडी भजी? साधीच हं."

चांगुणाने डब्याचं झाकण काढलं आणि डबा धबधब्यात उपडा केला.

हळदीचा लोट, तिखटाचा लोट! इंद्रधनुष्य होतं त्याच्या दुप्पट झालं. खालच्या डोहात मासे ओळीने शिंकू लागले. पाणमांजर तोंड धूत होता. त्याने एक ओंजळ प्यायली, दुसरी प्यायली आणि वर बघून ओरडला, "वहिनी, आमटी फक्कड! जरा मीठ बघा!"

तात्पर्य : घरातल्या बाईने सर्वांच्या न्याहारीची काळजी कधीही टाकू नये. टाकायचीच झाली, तर मिसळणाचा डबा मागे विसरू नये.